बुचुक उशीच्या स्नानाची हकीकत

लेकुरवाळे, घरकरी, दुपारची झोप ज्यांच्या नशिबी उरली नाही ऐसे तमाम थोर लोक, यांचे सेवेसी मलय मुलुखातील क्वाला कांग्सार कसब्यातील वाकनीस फदली, ज्यास घरात पाक सू म्हणजे धाकटा मामा म्हणतात, याची विज्ञापना ऐसीजे. नदीकाठच्या आमच्या घरी आज शनिवारी जो प्रसंग गुदरला त्याची गल्लीत नाना प्रकारे चर्चा जाहली. शेजारणीने एक सांगितले, तिच्या कोंबड्यांच्या अंगावर दुसरेच दिसले. सबब खरे काय ते राहावे म्हणून जे डोळा पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही तेही लिहिले, कारण घर लहान आणि भिंती फळ्यांच्या.

तर आमच्या भाचीसाहेबा मैसारा सरकार, उमर चार वर्षांस दोन महिने कमी, उंची जेवणाच्या मेजाइतकी, दरारा त्याहून फार मोठा. त्यांचे पदरी एक उशी. नाव बुचुक. आमच्या मुलुखी लेकरांच्या ऐशा जिवलग, कुबट उशीस बुचुकच म्हणतात, घरोघरी एक असते, आणि घरोघरी आया तिच्या नावाने कपाळ बडवितात. ही उशी आमच्या मातोश्री ओपाह सादिया, म्हणजे मैसारा सरकारांच्या आजीसाहेबा, यांनी नात जन्मण्याआधी जातीनिशी सावरीचा कापूस भरून शिविली होती. मूळ रंग पिवळा, वर बदके. आता रंग कोणता ते कोणी सांगू शकत नाही, आणि बदकांपैकी एकाचा एक पाय तेवढा शिल्लक. उशीच्या एका कोपऱ्यास कान म्हणतात. तो कान दोन बोटांत चोळावा, नाकाशी धरावा, आणि सरकारस्वारी निद्रेस कूच करावी, ऐसा चार वर्षांचा शिरस्ता. वासाचे वर्णन करू जाता लेखणी थांबते. लाळ, दूध, पोटास लावायचे औषधी तेल, एके ईदेस सांडलेला सांबल म्हणजे मिरचीचा ठेचा, हे सर्व एकत्र मुरून जे होईल ते.

दीड वर्षामागे भगिनीसाहेबा हस्लिझा, मैसारा सरकारांच्या इबू, म्हणजे आई, यांनी धीर करून उशी वरवर धुतली होती. तेव्हा दोन दिवस अन्न गेले नाही, झोप आली नाही, तिसरे दिवशी ताप भरला. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, मग हकीकत ऐकली, आणि हसून म्हणाले की उशी लवकर मळवा. तेव्हापासून बुचुकास हात लावण्याची छाती घरात कोणास जाहली नाही.

ऐसे असता शनिवारी सकाळी मैसारा सरकार उठल्या तो उजवा गाल वाफेवर फुगलेल्या पावासारखा टम्म.

"इबू, मुंगी चावली."

"अगंबाई! कुठून आली मुंगी?"

"बुचुकमधून. पण बुचुकला रागवू नको. मुंगी पाहुणी आली होती."

इबूंनी पांघरूण उचलिले, तो खिडकीपासून उशीपर्यंत तांबड्या मुंग्यांची फौज शिस्तीने चालली होती, जाणारी उजवीकडून, येणारी डावीकडून, आणि येणारीच्या तोंडी काहीतरी होते. इबूंचे मुख लाल जाहले. गालास मलम लाविले आणि तत्काळ हुकूम सादर केला की, आज सूर्य मावळण्याआधी ही उशी स्वच्छ झालीच पाहिजे, मग घर राहो अथवा जावो. परंतु हुकूम देते वेळी त्यांचा आवाज कापला, ते या वाकनिसाने ऐकिले. ताप भरला तेव्हा पोरीस खांद्यावर टाकून ओटीवर येरझारा घालणाऱ्या त्याच होत्या.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. मेहुणे शुक्री, सरकारांचे अबाह, म्हणजे वडील, शाळेत गणिताचे मास्तर, यांनी वहीचे पान काढून तक्ता मांडिला: साडेआठास उशी हस्तगत, नवास धुणे, एकास वाळणे, दीडास निद्रा. आणि मान वर करून सर्वांकडे पाहिले, जैसे वर्गात पाहतात. ओपाह कोथिंबीर निवडीत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"शुक्री, सावरीचा कापूस पाण्यात घातला की त्याचा लगदा होतो. उशी उसवायला लागेल. कापूस उन्हात, अभ्रा पाण्यात."

"उसवायची?" अबाहांची पेन्सिल थांबली. "तिच्यासमोर?"

"तुझ्या तक्त्यात तेवढं राहिलंच बघ."

तेव्हा पहिला बेत अबाहांचा ठरला. कपाटात तशाच आकाराची एक कोरी उशी होती. तिचा त्यांनी कात्रीने एक कोपरा सैल केला, दूध शिंपडिले, औषधी तेल चोळिले, पायाखाली तुडविली, बगलेत धरून अंगणास तीन फेरे घातले, आणि घामाघूम होऊन तोतया बुचुक तयार केला. मग सरकार नाश्त्यास बसल्या असता, खऱ्याच्या जागी तोतया हळूच सरकविला. सरकारांनी घास चावता चावता हात मागे नेला, कान शोधिला, नाकाशी आणिला, आणि चावणे थांबविले.

"हा बुचुक नाही."

"बुचुकच आहे की गं," अबाह बोलिले.

"नाही. ह्याला तुमच्या मोज्यांचा वास येतो."

आणि तोतया मेजाखाली भिरकावून दिला, खरा बुचुक अबाहांच्या पाठीमागून ओढून घेतला, आणि वर दंड म्हणून अबाहांच्या ताटातील तळलेले केळे जप्त केले. पहिल्या लढाईत येणेप्रमाणे शिकस्त जाहली. ओपाह ओढणीआड हसल्या, ते अबाहांनी पाहिले आणि पाहिले नाही ऐसे केले.

मग दुसरे, इबू स्वतः वकील होऊन गेल्या. जमिनीवर मांडी घातली, लेकीस मांडीवर घेतले, आणि गोडीने समजाविले की गाल बघ केवढा सुजला, मुंग्या परत येतील, उशीस फक्त एकदा आंघोळ, मग तुझीच तुला. सरकारांनी सर्व शांतपणे ऐकिले.

"मागे तू असंच म्हणालीस."

"मग दिली ना परत?"

"ती दिलीस. पण आत बुचुक नव्हता."

इबू उठून स्वयंपाकघरात आल्या, नळ सोडिला, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागल्या.

आता तिसरा बेत. तो या वाकनिसाचा, आणि लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. आमच्यावर सरकारांचा भरवसा घरात सर्वांहून अधिक. अबाह शिस्त लावितात, इबू औषध पाजितात, ओपाह केस विंचरितात. आम्ही काहीच करीत नाही, गिटार वाजवितो, सबब आमच्याविषयी किंतु नाही. आम्ही पाळत ठेविली, आणि पावणेदहाचे सुमारास सरकारांनी पाय जुळवून नाचावयास आरंभ केला, तेव्हा पुढे सरसावलो.

"शू लागली ना? जा की पटकन. उशी मोरीत नको नेऊ, भिजेल. मी धरतो."

सरकारांनी आम्हांस डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळिले.

"वास घ्यायचा नाही."

"नाही घेत."

"कुणाला द्यायचा पण नाही."

"नाही देत गं. जा, पळ."

"शपथ?"

आम्ही शपथ घेतली. त्यांनी बुचुक दोन्ही हातांनी आमच्या हाती दिला, जैसे तान्हे मूल देतात. मोरीचे दार लागले, आणि आम्ही स्वयंपाकघरातून मागील अंगणी अशी धाव ठोकिली की पायातील एक चप्पल वाटेत राहिली. ओपाह फणसाखाली चटई अंथरून, कात्री घेऊन सज्ज बसल्या होत्या, शेजारी अबाह, आणि हाती चहाचा मग घेऊन इबू. उशी त्यांचे हवाली केली आणि आम्ही पाण्याच्या टाकीमागे दडलो. शूरांनी आम्हांस नावे ठेवावी, हरकत नाही.

ओपाहांनी उशी उलटीपालटी केली आणि त्यांच्या कपाळास आठी पडली. कानाजवळ, शिवणीत, बोटभर भोक. हे भोक जीर्ण होऊन पडलेले नव्हे, कोणी रोज थोडे थोडे पाडिलेले. त्यांनी आत दोन बोटे घातली, आणि एकेक जिन्नस बाहेर येऊ लागला. प्रथम अर्धे चावलेले दोदोल, म्हणजे गूळ-नारळाची चिक्कट मिठाई, मुंग्यांनी तांबडे जाहलेले. हे तर शत्रूचे धान्यकोठार सापडले, म्हणून इबूंस आनंद जाहला. मग ओपाहांच्या तुटलेल्या तस्बीचे, म्हणजे जपमाळेचे, सात मणी. मग अबाहांच्या फळ्यावर लिहावयाच्या पेनाचे निळे टोपण. मग आमची गिटार छेडावयाची त्रिकोणी पट्टी. आणि सर्वांत तळाशी, कापसात गुरफटलेले, इबूंचे सोन्याचे कर्णफूल, लग्नातले, गेल्या ईदेपासून हरविलेले.

येथे एक कलम लिहिणे प्राप्त आहे. हे कर्णफूल गेले तेव्हा घरात बेकार मनुष्य एकच होता, तो म्हणजे हा वाकनीस. कोणी तोंडाने काही बोलिले नाही. परंतु आठ महिने ओपाह आमच्या ताटात वाढताना क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत, आणि मग वाढत. आईचे ते पाहणे काय असते, ज्याने सोसिले त्यास ठाऊक. आता ओपाहांनी कर्णफूल तळहातावर धरिले, आणि टाकीच्या दिशेस बोलिल्या:

"फदली."

"काय?"

"जेवायला आज तुझ्या आवडीचं मटणाचं रेंडांग करते."

एवढेच. आम्ही टाकीमागेच राहिलो, कारण डोळ्यांत काहीतरी गेले होते, बहुधा कापूस.

कापूस तर सर्वत्र जाहला होता. जिन्नस शोधण्याच्या भरात शिवण पूर्ण उसवली, आणि नेमका त्याच वेळी नदीकडून वारा सुटला. सावरीचा कापूस तो, चार वर्षे दाबून ठेविलेला, मोकळे होताच ढगासारखा उठला. फणसावर बसला, दोरीवरील कपड्यांवर बसला, कुंपण ओलांडून शेजारणीच्या कोंबड्यांवर बसला, आणि कोंबड्यांत एकच गोंधळ माजला. अबाह दोन्ही हात पसरून मधोमध उभे, जैसे वाऱ्यास वर्गाबाहेर काढणार. आणि त्या ढगाच्या पलीकडे, मागील दारात, मैसारा सरकार उभ्या होत्या. चड्डी अर्धवट वर, हाती आमची ती एक चप्पल.

त्यांनी चटईवर पाहिले. पोट फाडिलेला बुचुक, शेजारी कात्री. आता आकांत होणार म्हणून इबूंनी डोळे मिटले. परंतु आकांत जाहला नाही, आणि ते अधिक भयंकर होते. त्या हळूहळू चालत आल्या, चप्पल खाली ठेविली, आणि अगदी लहान आवाजात विचारिले:

"बुचुक मेला?"

इबूंच्या हातून चहाचा मग निसटून फुटला. त्या तोंडावर हात धरून रडू लागल्या, आवाज न करता. या मोहिमेत जे सरदार म्हणवीत होते ते सर्व त्या दोन शब्दांनी गारद जाहले. उभ्या राहिल्या त्या एकट्या ओपाह, म्हणजे खरे तर बसूनच राहिल्या, आणि चष्म्यावरून नातीकडे पाहून बोलिल्या:

"मेला कसा? ऑपरेशन चाललंय. पोटात दोदोल अडकलं होतं बिचाऱ्याच्या. दुखत होतं त्याला."

"रडला?"

"नाही रडला. तुझी वाट बघत होता. मोठ्या डॉक्टरीण बाई कुठे राहिल्या म्हणाला."

सरकार क्षणभर विचारात पडल्या. मग चड्डी नीट वर ओढली, आणि त्या घडीस मोहिमेची सूत्रे पालटली. जे गनीम होते तेच सेनापती जाहले. पहिला हुकूम सुटला की, कोणी मोठ्याने बोलू नये, पेशंट झोपला आहे. दुसरा हुकूम, सर्व कापूस गोळा करावा, एकही कण सोडू नये, कारण ते बुचुकचे मांस आहे. तिसरा हुकूम टाकीकडे पाहून:

"पाक सू, बाहेर ये. दिसतोयस."

आम्ही बाहेर आलो. मान खाली.

"शपथ मोडलीस."

"हो."

"मग तू कोंबड्यांकडचा कापूस आण."

ही शिक्षा न्याय्य होती, तक्रार नाही. आम्ही कुंपण ओलांडून गेलो, शेजारणीची परवानगी मागितली, तिने पोट धरून हसत दिली, आणि एकेका कोंबडीस धरून तिच्या पिसांतून कापूस वेचिला. तांबडा कोंबडा मातबर निघाला, त्याने पोटरीस दोन जखमा केल्या. इकडे अबाह फणसाच्या फांदीवर चढले, इबू डोळे पुसून गवतातून पुंजके गोळा करीत होत्या, आणि मधूनमधून सरकार येऊन प्रत्येकाची मूठ उघडून तपाशीत होत्या. कापूस परातीत घालून वर मच्छरदाणी बांधून उन्हात ठेविला.

मग अभ्र्याचा प्रश्न निघाला. तहाची बोलणी मोरीच्या उंबऱ्यावर जाहली. सरकारांचे म्हणणे, डॉक्टरीण बाईंना ठाऊक आहे की ऑपरेशनच्या माणसास आंघोळ लागते, परंतु कान धुवायचा नाही. इबूंचे म्हणणे, कानच सर्वांहून घाण. एवढ्यात अबाहांनी मध्ये पडून कौल दिला की कान सुटा करावा, वाटीत ठेवावा, बाकी अभ्रा धुवावा, मग कान पूर्ववत शिवावा. दोन्ही पक्ष रजावंद जाहले. अबाहांनी वहीच्या पानावर तह लिहिला. सरकारांनी खाली वर्तुळ काढून त्यास दोन डोळे काढले, ती त्यांची मोर्तब.

दुसरे कलम पोटातील जिनसांचे. इबू कर्णफूल कानात घालू लागल्या तो सरकार ओरडल्या:

"ते बुचुकचं आहे!"

"अगं हे माझं आहे. सगळं घर पालथं घातलं मी ह्याच्यासाठी. का घेतलंस तू?"

"तू आत हवीस ना."

"आत कुठे?"

सरकारांस या अज्ञानाचे फार नवल वाटले. त्या बोटे मोजीत सांगू लागल्या, हळू, जैसे मंदबुद्धीस सांगतात. "ही तू. हे टोपण अबाह. मणी ओपाह. आणि हे पाक सू. मी झोपले की तुम्ही सगळे बाहेर जाता. बोलता, टीव्ही बघता. पण आत सगळे असता. माझ्याजवळ."

"आणि दोदोल?" अबाहांनी विचारिले.

"तुम्हाला भूक लागली तर."

कुंपणापलीकडे तो तांबडा कोंबडा आरवला. मग इबूंनी कर्णफूल कानात न घालता मुठीत ठेविले, आपल्या केसांचे जांभळे रबर काढिले, आणि दोन्ही मुठी पुढे करून विचारिले की ही इबू चालेल का. सरकारांनी रबराचा वास घेतला, केसांच्या तेलाचा वास ओळखिला, आणि मंजूर केले. दोदोल वर्ज्य, हे मात्र इबूंनी तहात स्वतंत्र कलम घालून घेतले, आणि त्यापुढे सरकारांनी वर्तुळ काढिले खरे, परंतु त्यास डोळे काढिले नाहीत. पुढे वाद उपस्थित जाहला तर हे लक्षात ठेवावे.

ऊन कडक होते. अभ्रा बारापर्यंत खडखडीत वाळला, आणि धुतल्यावर त्यावर आणखी दोन बदके प्रकट जाहली, त्यांस पाहून सरकारांनी टाळी वाजविली, कारण जन्मात पाहिली नव्हती. ओपाहांनी कापूस पिंजून भरिला, रबर, टोपण, मणी आणि गिटारची पट्टी मधोमध निजविली, आणि टाके घातले. प्रत्येक टाक्यास सरकार "दुखतंय का?" म्हणून उशीस विचारीत, आणि उशीच्या वतीने आम्ही "नाही" म्हणत होतो. शेवटी वाटीतला कान जागी शिविला, धुतलेल्या पिवळ्या उशीस तो एक काळा कान, जैसा पाहुणा घरात चुकून आलेला. मग रेंडांग-भात जाहला. ओपाहांनी आमच्या ताटात वाढिले, आणि या खेपेस तोंडाकडे पाहिले नाही, वाढीतच राहिल्या.

दीड वाजता निर्णयाची घटका आली. सरकार चटईवर आडव्या जाहल्या. इबूंनी बुचुक पुढे केला. सरकारांनी उशी घेतली. उशीच्या पोटाचा वास घेतला. साबण. नाक मुरडले. कान धरिला, चोळिला, नाकाशी नेला, डोळे मिटले. अबाहांनी आमचा दंड धरिला होता, त्याचा वळ अद्याप आहे.

सरकारांनी डोळे उघडिले.

"बुचुक बरा झाला."

"अल्हम्दुलिल्लाह," ओपाह बोलिल्या.

"इबू, तू सकाळी रडलीस ना? भांड्यांजवळ पण. आणि इथे पण."

"थोडीशी."

"मग आज तू घे." आणि बुचुक उचलून इबूंच्या हाती दिला, दोन्ही हातांनी. "कान इथून धरायचा. असा. उद्या परत दे."

इबू म्हणाल्या की अगं नको, तुला झोप यायची नाही, तूच घे. हो ना करिता करिता, ज्या उशीसाठी सकाळपासून इतके केले, तीच घेण्याविषयी इबू लेकीची विनवणी करू लागल्या. परंतु दिलेले दान फिरविणे सरकारांच्या घराण्यात नाही. त्यांनी अबाहांच्या पोटावर डोके टेकिले, आमच्या मांडीवर पाय टाकिला, आणि पाचव्या श्वासास निद्रिस्त जाहल्या. उशीवाचून. चार वर्षांत प्रथमच. आणि इबू, ज्यांस दुपारची झोप म्हणजे काय ते स्मरत नव्हते, त्या बसल्या जागी कलंडल्या, दोन बोटांत कान धरून, आणि त्याही गेल्या.

सरकार आधी जाग्या जाहल्या. उठून पाहिले तो इबू झोपलेल्या, कान नाकाशी, तोंड किंचित उघडे. मग सरकार अनवाणी घरभर हिंडल्या, प्रत्येकास ओठांवर बोट ठेवून ताकीद दिली. ओपाह चहाची किटली चुलीवर ठेवीत होत्या, ती उतरविली. अबाह वह्या तपाशीत होते, त्यांना पान उलटण्याची मनाई जाहली. आम्ही गिटारीस हात लाविला नव्हता, तरी ती आमच्यापासून दूर नेली. दारात शेजारीण राहिलेला मूठभर कापूस घेऊन आली, तर तिला उंबऱ्यावरच थोपविले:

"श्श! इबू झोपलीये. बुचुक कामावर आहे."

येणेप्रमाणे शनिवारी, भर दुपारी, बुचुक उशी धुतली गेली, वाळविली गेली, आणि मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान, एक मग, एक पोटरी. शत्रूकडील नुकसान काही नाही, कारण शत्रू कोण होता ते शेवटपर्यंत निश्चित जाहले नाही. हा मजकूर इबू उठेपर्यंत कुजबुजतच वाचावा, ऐसा सरकारांचा हुकूम आहे, आणि त्या अद्याप उठल्या नाहीत.